दोघींचा पाम

४ फेब्रुवारी
पाम पिवळा पडतोय! खालची दोन पानं पार गेली, बाकीच्यांची टोकं तपकिरी. दिवसभर कापडाच्या दुकानात उभं राहून पाय नुसते ठणकताहेत, त्यात हे एक. तांब्याभर पाणी घातलं. सासूबाई गेल्यापासून माझ्याशिवाय त्याच्याकडे बघतं कोण? धाकटी जाऊ शिलाई मशीनवर पाठमोरी बसलेली. मान वर केली नाही.

५ फेब्रुवारी
कंटाळा. जेवले, झोपले.

९ फेब्रुवारी
हे म्हणाले, "तुम्हा दोघींचं मौनव्रत अजून चालूच?" सासूबाई गेल्या त्या दिवशी, भरल्या घरात ती म्हणाली — "ताई काय, पाहुण्यासारख्या यायच्या नि जायच्या." अजून सलतं. दुकानातून येऊन सासूबाईंच्या उशाशी जागत कोण बसायचं? ते कुणाला दिसलं नाही. आता एकाच स्वयंपाकघरात दोघी भांडी आपटतो. निरोप असला तर ह्यांच्यामार्फत.

पामभोवती बारीक चिलटं उडताहेत. पाणी कमी पडत असेल. घातलं.

१४ फेब्रुवारी
एक पान ओढल्याबरोबर हातात आलं. पान आणि थोडी माती पुडीत बांधून रोपवाटिकेत नेली. रोपवाल्याने वास घेतला. "मुळं कुजली वाटतं, बाई. बोट खुपसून बघत जा. वरची माती वाळल्याशिवाय पाणी नको."

पण मी कुठे एवढं घालते! जाऊ दे. बंद म्हणजे बंद.

२२ फेब्रुवारी
पाणी बंद, तरी माती ओलीगच्च! खालच्या ताटलीतही पाणी. येतंय कुठून?

२३ फेब्रुवारी
सुट्टी असून लवकर जाग आली. बाहेर आले तर धाकटी पामपाशी, हातात तांब्या! दोघी जागच्या जागी थबकलो.

"तू घालतेस पाणी?"

"मग कोण घालणार? तुम्हाला वेळ कुठे असतो!"

"अगं, मी घालतच होते की!"

तिने तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे आपण दोघींनी मिळून बुडवलं ह्याला." आणि फस्सकन हसली. मलाही आवरेना.

दुपारी कुंडी उपडी केली. काळी, बुळबुळीत मुळं तिने कात्रीने कापली, माती-वाळू मी कालवली. बोलणं कामापुरतंच — "धर", "सोडा आता", "सरळ आहे ना?" त्या दिवसाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. पाठ मोडून गेली.

२ मार्च
माती कोरडी. ठरलं — पाणी फक्त तिने घालायचं, मी पानं पुसायची. जगेल की नाही, कोण जाणे.

५ मार्च
धाकटी दुकानात आली — कधी नव्हे ते! गिऱ्हाईक तसंच सोडून मी बाहेर गेले.

"ताई, छातीत गाठ लागतेय. ह्यांना सांगायचा धीर होत नाही. उद्या दवाखान्यात माझ्याबरोबर याल?"

येते म्हटलं. रजेचं मालकाला अजून विचारलेलं नाही.