जमानत म्हणजे नुसती सही

१ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून कर्ज कंट्रोलमध्ये. ठरलं म्हणजे ठरलं. क्रेडिट कार्ड, बाईकचा ईएमआय, फोनवरच्या ॲपचं लोन, अन् वृषालीच्या पाटल्यांवरचं गोल्ड लोन. बस, एवढंच. लोकं उगाच घाबरतात. कलेक्टर ऑफिससमोर माह्यं झेरॉक्सचं दुकान. अर्ध्या आदिलाबादचे कागद माह्या हाताखालून जातात. मला कोण शिकवणार कर्ज?

पाटल्यांची नोटीस आली. महिनाअखेर पैसे भरा, नाही तर लिलाव. वृषाली म्हणे, बाकी काही बुडवा, पण माह्या आईनं लोकाच्या वावरात राबून केलेल्या पाटल्या आहेत त्या, त्या घरी आणा. आणतो म्हटलं. बायको हाय, घाबरणारच.

मागच्या साली उचललेल्या चिट्टीचे, म्हणजे चिट फंडाचे, हप्ते पावसाळ्यापासून भरले नाहीत. चिट्टीवाल्यांचा साधा फोन नाही. याला म्हणतात मार्केटमधली इज्जत. म्हणून ती कर्जात धरलीच नाही.

४ नोव्हेंबर
खर्चावर लक्ष ठेवायचं ॲप जुन्या फोनवर चालत नाही. नवा घेतला, झिरो डाउनपेमेंट. हे कर्ज नव्हे, औजार आहे. वृषाली आत निघून गेली. तिला फायनान्स कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
साडू आला होता, नागसेन. तामसीला मास्तर. सरकारी पगार, अन् माणूस बसनं जाऊन राह्यला! चांगली गाडी होती, विकली. पोरीचं हैदराबादचं कोचिंग बंद केलं, म्हणे घरीच शिकते. असा पगार काय चाटायचा? मी चहा पिता पिता समजावलं, नागसेनभाऊ, पैसा फिरला पाहिजे, तुमी तर त्याला खुंट्यालाच बांधला. तो नुसता कपातल्या चहाकडं पाहत राह्यला. अशा माणसाच्या हाती लेकरं शिकायला!

१५ नोव्हेंबर
विजय! दुसऱ्या कंपनीत लावलेल्या चिट्टीची बोली होती. जो जास्त रक्कम सोडतो, चिट्टी त्याची. चिट्टी दोन लाखांची. बोथचा अमृतराव, भाजीचा आडत्या, तीस हजार सोडतो म्हणाला. मी चाळीस. तो पंचेचाळीस, अन् वरून मिशीत हसला. भाजीवाला मला हसणार? साठ म्हटलं! अमृतराव म्हणे, घ्या साहेब, तुमीच घ्या. तोंड पाहण्यासारखं झालं होतं त्याचं. साठ गेले, पण मान राह्यला. उरलेल्यात पाटल्या आरामात सुटतात. वृषालीला सांगितलं, ती पहिल्यांदा हसली. किती दिवसांनी!

१८ नोव्हेंबर
चिट्टीचे पैसे हाती यायला सरकारी नोकरीवाल्याची जमानत लागते. जमानत म्हणजे काय, नुसती सही. मागच्या चिट्टीला नागसेननंच केली होती. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. म्हणे, या वेळी नाही जमणार, भाऊ. काऊन, तर काही नाही, नाही जमणार. मेहुणीनं, प्रगतीनं, चहा दिला तोही बिनदुधाचा. एवढी कंजुषी! एका सहीला शाई तरी किती लागते? तसाच उठून आलो. नातेवाईक म्हणून लाज वाटते यांची.

२३ नोव्हेंबर
तहसीलच्या सुधाकररावांना विचारलं. त्यांच्या हजारो झेरॉक्स उधारीवर काढल्या मी. ते म्हणे, सही सोडून काहीही मागा. मोठमोठ्यानं हसले. हलकट.

२५ नोव्हेंबर
नागसेननं नाही म्हटलं हे वृषालीला सांगून टाकलं. ती तडक बहिणीशी भांडायला गेली. मी म्हटलं, जा, चांगलं सुनाव त्या चिकटांना.

त्याच दिवशी, संध्याकाळ
वापस आली. पायरीवरच बसली. घरात ये म्हटलं तर येईना. मग बोलली. चिट्टीवाले मला फोन काऊन करत नव्हते, तर माह्या चिट्टीचे पैसे नागसेनच्या पगारातून कापून घेऊन राह्यले. पावसाळ्यापासून. गाडी त्यातच गेली. पोरीचं कोचिंगही त्यातच गेलं. प्रगतीनं त्याला शपथ घातली होती, वृषालीला कळू द्यायचं नाही, तिचा संसार आहे.

मग मला तरी सांगायचं ना! मी काय परका होतो? मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, भाऊ, दुधाचा चहा पीत जा.

हे लिहिलं अन् वाचून पाहिलं. खोडून टाकावं वाटते.

२९ नोव्हेंबर
वृषाली एकटीच गोल्ड लोनच्या ऑफिसात गेली, लोन तिच्याच नावावर आहे. लिलावाची वाटच पाहिली नाही. पाटल्या विकून टाका म्हणाली. कर्ज कापून जे उरलं, ते घेऊन सरळ नागसेनच्या घरी. पोरीच्या कोचिंगला दिले. प्रगती घेत नव्हती म्हणे. दोघी बहिणी दारात बसून रडल्या. मला हे शेजारच्या रेणुकाबाईंकडून कळलं.

३० नोव्हेंबर
म्हणजे हिशोबानं गोल्ड लोन संपलं. महिनाअखेर सांगितलं होतं, महिनाअखेर संपलं. ॲपमध्ये हिरवी खूण आली.

वृषाली भाकरी थापून राह्यली होती. हात रिकामे. बरं नाही वाटलं. म्हटलं, मन खट्टू नको करू, पुढच्या दिवाळीला याहून जाड पाटल्या करून देतो.

ती म्हणे, कोणाच्या पगारातून?