बास म्हटल्यावर

सोमवार, वैशाख सुद आठम

सुट्टी लागायला एक दिवस होता आणि हेत चावला. बालमंदिराच्या ताईंनाच. त्या गाल ओढून "नाव सांग रे, नाव सांग" करत होत्या, म्हणे. नातू पाच वर्षांचा झाला, तोंडातून शब्द नाही, दात मात्र वेळेवर आले. ताई मला म्हणाल्या, "बा, सुट्टी संपली की जेठात एकदा आणून दाखवा. चावणं थांबलं असेल तर ठेवून घेऊ. आम्हालाही हात आहेत."

घरी आल्यावर सुनेचं, बिजलचं सुरू. अहमदाबादला तिच्या माहेराजवळ अशा मुलांची शाळा आहे. आमच्या मौलिकच्या, तिच्या नवऱ्याच्या, शेठचं पितळी सामानाचं दुकान तिकडेही आहे. सगळं आधीच जमवून ठेवल्यासारखं बोलत होती. मी म्हटलं, आधी जेव. भात वाढला.

हेत गेला तर या घरात देव्हाऱ्यातले ठाकोरजी, मी आणि हे. ठाकोरजी बोलत नाहीत, हे फार बोलतात. हेतला इथेच ठेव, एवढंच आज आरतीत मागितलं.

बुधवार, दशम

उर्वीबेन आल्या. मुलांना बोलतं करणाऱ्या. पोक्त बाई असतील असं वाटलं होतं, ही तर बिजलहून लहान. आल्या त्या थेट फरशीवर बसल्या.

मी सांगितलं, पहिल्यांदा 'जय श्रीकृष्ण' शिकवा, मग आजीला 'बा'.

"बा, नावं नंतर. वाटी हवी असली तर तो उठून वाटी घेतो. माणसाला हलवता येईल, थांबवता येईल, ते शब्द आधी. अजून. बास. उघड. नको. मदत."

नको! आमच्या घरात मोठ्यांपुढे कोणी नको म्हणत नाही, आणि हा तेच शिकणार.

एक पुठ्ठा दिला. प्रत्येक शब्दाला एक चित्र. 'बास'ला उघडा पंजा. आपण बोलायचं आणि बोलता बोलता आपणच चित्रावर बोट ठेवायचं. त्याचा हात धरायचा नाही. आणि हे सगळं खेळात — हाताला, कानाला बरं वाटेल अशा. परातभर तांदूळ मागितले, हात घालून खेळायला. मी म्हटलं, अन्नात आम्ही खेळत नाही. मग वाळू म्हणाल्या. वाळू तो खातो. मग चहा केला.

गुरुवार, एकादशी

उपास. दुपारी बांधणी बांधायला, कापडाला दोऱ्याच्या बारीक गाठी मारायला बसले. व्यापाऱ्याचा शेला आहे, त्याला कुणाला हात लावू देत नाही. पण खाली जुना, शिकताना बांधलेला एक तुकडा निघाला. म्हटलं दोरा तरी वाचेल. दोन्ही टोकं धरून खेचला — तडतडतड, सगळ्या गाठी सुटून दोरा उडाला.

थाळी पडली तरी मान न वळवणारा हेत आतल्या खोलीतून आला. कापडावर हात ठेवला. मग गाल ठेवला. मग माझा हात उचलून कापडावर ठेवला.

मी पुठ्ठा शोधेपर्यंत तो निघून गेला.

शनिवार, तेरस

खेळ मिळाला. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मी 'अजून'वर बोट ठेवते, "अजून" म्हणते, आणि खेचते. तड. थांबते. तो माझ्या हातांकडे बघत बसतो. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे.

माझ्या जुन्या ओढणीच्या चिंध्या केल्या आहेत. दुपारभर बांधायच्या, संध्याकाळी क्षणात सुटायच्या. हे म्हणाले, "हा कुठला धंदा काढला? बांधायची मजुरी नाही आणि सोडायचीही नाही."

लोभ सुटला. मीच त्याचं बोट धरून 'अजून'वर टेकवलं. बांगडीच्या वर चावला. उर्वीबेननी सांगितलंच होतं. हळद लावली. बिजलला सांगितलं नाही, तरी तिने पाहिलं.

सोमवार, पूनम

आज जे झालं ते लिहू की नको असं झालंय.

उर्वीबेनना जेवायला ठेवून घेतलं. दोन रोटल्यांवर म्हणाल्या, "बास, बा." मी तिसरी वाढली. "खरंच बास." चौथी वाढली, तुपाची, माझी शपथ घालून. त्यांनी खाल्ली. हात धुऊन आल्या आणि अगदी सहज विचारलं, "बा, मी बास म्हटलं. मग काय झालं?"

"काय झालं? रोटली आली."

"हेत बघत होता."

मी म्हटलं, हा आग्रह आहे. आमच्याकडे पाहुणा उपाशी उठत नाही. त्या म्हणाल्या, "चूक आहे असं मी म्हणत नाही. पण या घरात बास म्हटल्यावर कोणी थांबलेलं त्याने पाहिलंय का? शब्दाने जे होत नाही ते तो दातांनी करतो. दातांनी मात्र सगळे थांबतात."

हे मध्येच म्हणाले, "हिच्या हातून एक ठाकोरजीच सुटतात. त्यांचं ताट वेळेवर उचलते."

पस्तीस वर्षं माझ्या आग्रहाचं नाव आहे. आमच्या शेरीत, अख्ख्या गल्लीत, लग्न असलं की वाढायला मला बोलावतात. रात्र झाली तरी झोप येत नाही. पण मनगट दुखतंय, त्यामुळेही असेल.

मंगळवार, वद एकम

ठरवलं. पानावर कोणी बास म्हणालं की थांबायचं. पुठ्ठा पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

हे दोन रोटल्यांवर बास म्हणाले. मी टोपलीवर झाकण ठेवलं. हे बसून राहिले. मी भांडी आवरायला घेतली. हे तरीही बसलेले. रात्री डबा वाजला. गाठिया खात होते.

"अहो, भूक होती तर बास का म्हणालात?"

"तू दोन वाढणार हे धरून म्हणालो. पस्तीस वर्षं तसंच म्हणतोय."

गुरुवार, वद त्रीज

हे 'अजून'वर बोट ठेवायला शिकले. हेत अजून नाही.

शनिवार, वद पाचम

संध्याकाळी कापड खेचत होतो. माझ्या बाजूला चार-पाच गाठी राहिल्या होत्या. हेतने टोक सोडलं, उठला, पुठ्ठ्याकडे गेला आणि पंजावर पंजा ठेवला. आपला आपण.

आणि माझ्या हातांकडे बघत उभा राहिला.

बांधणी अर्धी सुटलेली ठेवणं म्हणजे मला चूल अर्धी सारवून उठण्यासारखं. एकच झटका लागला असता. बोटं शिवशिवत होती. पण कापड खाली ठेवलं आणि म्हटलं, "बास. बरं."

तो बराच वेळ बघत होता. मग परत आला, पुन्हा बास. मी मांडीवरचे हातही मागे घेतले. पुन्हा गेला, पुन्हा बास. आता थांबवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं, म्हणून श्वास रोखून बसले. तो हसला.

ठाकोरजींना आज मिसरी, खडीसाखर, जास्त ठेवली.

बुधवार, वद नवम

चावला नाही. दूध नको होतं तर 'नको', नखं कापताना 'बास'. एका हाताची नखं राहिली आहेत. राहू देत.

बिजलने परत अहमदाबादचं काढलं. "बा, मी काय म्हणते..." मी म्हटलं, आता तर तो सुधारतोय, आता कशाला? तिच्या पानात शाक वाढलं.

रविवार, वद तेरस

व्याही-विहीण आले, आमरसाला. रिवाजच आहे, आंब्यात व्याह्यांना रस-पुरी द्यायचीच. ते हेतचं बोलायला येणार हेही माहीत होतं. म्हणून रस जरा जास्तच दाट काढला.

व्याही दुसऱ्या वाटीला म्हणाले, "बास." आणि वाटीवर हात धरला, जसा धरतात. आता मी तो हात बाजूला सारायचा, ते "नाही नाही" करणार, मग रस ओतायचा. ओगराळं माझ्या हातात भरलेलं. समोर हेत. माझ्या हाताकडे बघत.

ओगराळं पातेल्यात परत ठेवलं.

व्याह्यांचा हात वाटीवर तसाच. कोणी सारेना. विहीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. व्याही म्हणाले, "यंदा आंबे महाग असतील तुमच्या जामनगरला."

मी म्हटलं, "व्याही, तुम्ही बास म्हणालात."

ह्यांनी पुठ्ठा उचलून त्यांच्यापुढे सरकवला. "इथे बोट ठेवा. अजून. मीही असाच जेवतो."

व्याही निवृत्त स्टेशनमास्तर आहेत. आयुष्यभर झेंडी दाखवून गाड्या थांबवल्या. चष्मा लावून पुठ्ठा नीट पाहिला आणि बोट ठेवलं. मी काठोकाठ वाटी भरली. तेवढ्यात बोट परत. पुन्हा वाटी. "हे बरं आहे," म्हणाले, "खोटं बोलावं लागत नाही."

जेवणानंतर त्यांनी हेतला मांडीवर घेऊन गुदगुल्या केल्या. हेतने पुठ्ठा ओढून पंजावर हात ठेवला. व्याही थांबले. थांबले म्हणजे दोन्ही हात वर करून थांबले. चावणं नाही, रडणं नाही. पदर डोळ्याला लावला, घाम होता असं सांगितलं.

विहीणबाईंनी जाताना विचारलं, "बिजल बोलली का तुमच्याशी?" मी म्हटलं, मुखवास घ्या ना.

सोमवार, जेठ सुद छठ

हेतला घेऊन बालमंदिरात गेलो. ताईंनी गालाकडे हात नेला. हेतने पुठ्ठा पुढे केला, पंजावर हात. ताईंनी हात मागे घेतला, स्वतःच चकित झाल्या. "ठेवून घेऊ," म्हणाल्या. "दाराजवळ चटई टाकू. त्याचा तो बसेल."

मोहनथाळ केला. ताईंकडे पाठवला, उर्वीबेनकडे पाठवला, शेरीत वाटला. मागितलं ते मिळालं. बिजलने तुकडा तोडून हातात धरून ठेवला होता. मी म्हटलं, खा ना.

मंगळवार, जेठ सुद सातम

बिजल म्हणाली, "बा, दाराजवळ नको. अहमदाबादच्या शाळेत सगळ्याच मुलांकडे पुठ्ठे आहेत. आम्ही जातो."

मी म्हटलं, राहा. तिकडचं भाडं सांगितलं. हेत कुणाशी कापड खेचेल ते विचारलं. शेवटी शपथ घालायला तोंड उघडलं.

ती म्हणाली, "बा, बास."

हेत आमच्यामध्ये बसला होता. त्याने गाठिया खाली ठेवला आणि माझ्या हातांकडे बघायला लागला.

मी हात मांडीवरून मागे घेतले.

रविवारची गाडी आहे.