नाल्यापलीकडच्या वावराची माती

बाबा, मी आता खड्डे खणतो. तुम्हाला हसू येईल. खताचा खड्डा खण म्हटलं की ज्याचं पोट दुखायचं, तो तुमचा लहाना पोरगा कर्नाटकात, बल्लारीच्या पुढं, लोकांच्या वावरात रोज एक खड्डा खणतो, छातीइतका खोल, आणि त्याचाच पगार घेतो. आठवीतून शाळा सोडली तेव्हापासून मी किती कामं धरली आणि सोडली. वाशीमचं गॅरेज, पुण्यात रंगकाम, सुरतेला गोदाम. एका जागी दुसरी दिवाळी पाहिली नाही. इथं मात्र तिसरं वर्ष चालू आहे. मातीचा सर्वे करणारी पार्टी आहे. एक मॅडम, एक जीप, जीपचा ड्रायव्हर आणि मी. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. जे तुम्हाला सांगायचं होतं ते मला या खड्ड्यांनीच आठवायला लावलं, नाहीतर मी आणखी एखादं काम सोडून पुढं गेलो असतो.

खड्डा कसा खणायचा तेही इथंच शिकलो. ज्या भिंतीवर ऊन पडेल ती भिंत सरळ ठेवायची, तिच्या वरच्या काठावर पाय द्यायचा नाही, माती तिकडं फेकायची नाही. मग मॅडम सुरी घेऊन आत उतरतात. भिंत वरपासून खालपर्यंत टोकरत जातात आणि जिथं मातीचा रंग किंवा कडकपणा बदलतो तिथं रेघ मारतात. मला आधी सगळी भिंत एकसारखी काळी दिसायची. आता रेघ कुठं पडणार ते मला आधीच दिसतं. एकेका थराची माती घ्यायची, ओली करून अंगठ्यानं बोटावर पट्टीसारखी सरकवायची, पट्टी किती लांब जाऊन तुटते त्यावरून चिकणमाती किती ते कळतं. रंगाच्या दुकानात शेडकार्ड असतं तसं एक पुस्तक आहे, त्यातल्या चौकोनांशी ढेकूळ जुळवायचं. मग बाटलीतून ॲसिडचा थेंब. चुना असला की माती फसफसते. हे सगळं फॉर्मवर उतरतं. असे शेकडो खड्डे झाले, त्यांचे फॉर्म एकमेकांशी ताडून पाहिले, की सारख्या मातीचा एक गट करतात आणि नकाशावर तिची हद्द आखतात. त्या मातीला नाव असतं ती पहिल्यांदा जिथं सापडली त्या गावाचं. हे मला फार आवडलं. आपल्या गावाच्या नावाची माती कुठल्या नकाशात आहे का, हे मॅडमना विचारायचं राहून गेलं आहे.

तुमच्याकडं पुस्तक नव्हतं. तुम्ही विचारायचे, "पाऊस थांबल्यावर कितव्या दिवशी वखर घालता येते?" एवढ्यावर निम्मं सांगून टाकायचे. आणि मला लहानपणी ओल्या वावरातून चालताना शिकवलेलं, "चप्पल हातात घ्या लागते ते भारी, पायातच राह्यते ते हलकी, अन् एक पायात एक हातात, ते आपली." माणसं यायची तुमच्याकडं. विहीर कुठं खणू, तूर कुठं टाकू. एकदा रिठद गावचा एक जण मोटारसायकलवर रुमालात माती बांधून आला. तुम्ही ती बोटांत चोळली, वास घेतला आणि म्हणाले, "हे वावरातली नाही, धुऱ्यावरची आहे. आत जाचा कंटाळा आला का?" तो बिचारा शरमला. म्हणाला, "काका, पायात नवे बूट होते." आई आतून हसली, तुम्ही त्याला चहा पाजला आणि धुऱ्यावरची माती काहून चालत नाही ते नीट समजावून सांगितलं. बांधावर नांगर फिरत नाही, पाला कुजतो, त्या मातीचं वय वेगळं असते, असं काहीतरी. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही.

मग संत्र्याचं आलं. सगळीकडं बागा लागत होत्या, आणि दादाच्या डोक्यात नाल्यापलीकडचं वावर होतं. तुमचं मन होत नव्हतं. तुमच्या बापानं सांगून ठेवलेलं, त्या वावरात झाड लावू नका, खाली पांढरं आहे, चुन्याचं. पण तुम्ही हट्टी नव्हते. तुम्ही म्हणाले, "माह्या बापानं सांगतलं ते त्याच्या जमान्यातलं. माती तपासून घेऊ. कागद काय म्हनते ते पाहू." वाशीमला माती तपासतात असं कळलं होतं. तुमचा पाय मुरगळलेला, दादा अनसिंगला बैल पाहायला गेलेला, म्हणून काम माझ्यावर आलं. मी एकोणीस वर्षांचा होतो. तुम्ही दोन कापडी थैल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "आठ-दहा जागी खणजो. तीन हात खोल जाजो. झाडाचं मूळ वरवर नाही राह्यत. वरची येगळी, खालची येगळी. समजलं?" मी म्हटलं, "हाव." एक दोस्त गाडी घेऊन थांबला होता, वाशीमला जायचं होतं. नाल्यापलीकडं जायचं म्हणजे अर्धा तास, आणि मे महिन्यात ती जमीन म्हणजे दगड. मी गोठ्यामागच्या वावरातून दोन ठिकाणी टोकरलं, थैल्या भरल्या, चिठ्ठीवर नाल्यापलीकडच्या वावराचा गट नंबर लिहिला आणि तुम्हाला आणून दिल्या. तुम्ही एकेक थैली हातात घेतली, गाठ घट्ट आहे का ते पाहिलं, आणि उघडली नाही. रिठदवाल्याचा रुमाल तुम्ही उघडला होता. माझी थैली नाही उघडली.

कागद आला तो मीच वाचून दाखवला. चुना कमी, जमीन उत्तम, लागवडीस योग्य. तुम्ही म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला. तुम्ही कागद माझ्या हातून घेऊन घडी घातली आणि म्हणाले, "मंजे माह्यं चुकलं. माह्या बापाचंही चुकलं." त्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं. दादा खूश होता, आईनं साखर टाकून चहा केला होता, आणि मला वाटलं मातीच तर आहे, इकडची काय अन् तिकडची काय. कलमं लागली. दोन वर्षं बरी दिसली. तिसऱ्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली, शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं. तुम्ही पाणी कमी केलं, जास्त केलं, खत बदललं, सकाळी उठून एकेका झाडापाशी उभे राहायचे. पण मला खरं आठवतं ते वेगळंच. लोक विचारायला यायचे तर तुम्ही म्हणायला लागले, "मले काय समजते रे? कागद काढा अन् मंग लावा." एक जण थट्टेनं म्हणाला, "काका रिटायर झाले." तुम्हीही हसले. पुढं कोणी रुमाल घेऊन आलं नाही. बाग तुम्हीच तोडायला सांगितली, आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी छातीत दुखलं आणि तुम्ही गेले. मी तेरावं झाल्यावर पुण्याची गाडी धरली ती आजपर्यंत.

मागच्या महिन्यात इथं एक खड्डा खणत होतो. वर आपल्यासारखीच काळी. दोन हात खोल गेल्यावर कुदळीचा आवाज बदलला. मी खालूनच म्हटलं, मॅडम, इथं चुना आहे, वर झाड पिवळं पडेल. त्या म्हणाल्या, "अभी तो बोतल खोली भी नहीं." थेंब टाकला तर दुधासारखं फसफसलं. त्या हसून म्हणाल्या, "तो फिर बोतल तुम ही रख लो." मग थैल्या भरताना मी वरच्या थरापासून सुरुवात केली तर त्यांनी हात धरला. नेहमी खालून वर घ्यायचं, नाहीतर वरची माती गळून खालच्या नमुन्यात पडते आणि कागद खोटा होतो. तीन वर्षांत मी हे चुकलो नव्हतो. त्या दिवशी चुकलो. फॉर्मवर एक रकाना असतो, नमुना कोणी घेतला. त्यात त्या माझं नाव लिहितात. तुमच्या कागदावर नुसतं शेतकऱ्याचं नाव होतं, तुमचं.

त्याच आठवड्यात दादाचा फोन. "औंदा नाल्यापलीकडं पुन्हा संत्रा लावून राह्यलो. बाबाचा कागद पेटीत आहे अजून. जमीन चांगलीच निघाली होती, बाबाले पाणी देनं जमलं नसन." मी म्हटलं, "दादा, थांब जरा." "काहून?" "त्या थैलीतली माती त्या वावरातली नव्हती." मग म्हणाला, "मंग कुठची?" "गोठ्यामागची. मीच आनली होती." "बाबाले माहीत होतं?" "नाही." त्यानं चालू ट्रॅक्टर बंद केला. मग तो म्हणाला, "हे तू आता सांगून राह्यला," आणि फोन ठेवला. चार दिवसांनी त्याच्याकडून एक फोटो आला. शब्द एकही नाही. खड्डा, आत आडवी टाकलेली तुमची बैल हाकायची जुनी पराणी, आणि गुडघ्याहून थोडं खोल, तुमच्या बापानं सांगितलं होतं तशीच, पांढरी रेघ. आई तो खड्डा पाहायला नाल्यापलीकडं चालत गेल्याचं वहिनीनं सांगितलं. काठावर बसून, त्या रेघेकडं पाहत, ती तुमच्याबद्दल म्हणाली म्हणे, "त्याहिले माहीत होतं ना मंग." दादा अजून माझ्याशी फोनवर बोलत नाही. संत्रा लावत नाही, तूर टाकणार आहे, हे वहिनीकडूनच कळलं.

हे मी बिघडलेल्या फॉर्मच्या पाठीवर लिहितो आहे. आज रविवार, जीप गॅरेजात आहे. पाठवायला जागा नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही. दोस्त गाडी घेऊन थांबला होता असं मी वर लिहिलं. दादानं मागून मेसेज करून एकच विचारलं होतं, काहून केलं, तेव्हा त्यालाही हेच लिहिलं. कोणी थांबलं नव्हतं, बाबा. मी गोठ्यामागं लिंबाखाली बाजेवर पडलो होतो. तिथून मातीला हात पोचत होता.