एका पानावर दोन सह्या

पोद्गोरित्सा, सोमवार

विदाक,

आधी काय घडलं ते क्रमाने देते, म्हणजे पुढचं वाचताना तुला शोधत बसावं लागणार नाही.

१. शाळांमधल्या मारामाऱ्या रोखण्यासाठीची आमची मार्गदर्शिका पूर्ण झाली.
२. पूर्ण होऊनही ती शाळांकडे जाईना, कारण तिच्यावर सही करायचे दोन तज्ज्ञ एकमेकांशी बोलत नाहीत.
३. शुक्रवारच्या बैठकीत मी एक वाक्य बोलले.
४. दोघे बोलू लागले. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं.
५. सह्या झाल्या.
६. क्रमांक तीनचं वाक्य खरं नव्हतं.

आता रीतीप्रमाणे. तू बरा आहेस ना? झाब्ल्याकला बर्फ किती पडलं ते मला बातम्यांतून कळतं, पण तो आकडा तुझ्याच वेधशाळेतून येत असल्यामुळे निदान मोजणारा माणूस शाबूत आहे एवढं समजतं. गुडघा कसा आहे? तुझ्या आईला, दारिंकामावशींना, नमस्कार सांग. (त्यांचा काल फोन येऊन गेला. त्याबद्दल शेवटी.) मी ठीक आहे. भूक आणि झोप नेहमीप्रमाणे.

या मार्गदर्शिकेचं काम मी तुला पूर्वी सांगितलं होतं, तेव्हा तू म्हणाला होतास की मारामारी थांबवायला तज्ज्ञ कशाला, एक बादली गार पाणी पुरतं. आम्ही बादलीचा अभ्यास केला नाही. बाकी सगळ्याचा केला. मानसशास्त्रज्ञ, शिक्षणतज्ज्ञ, एक डॉक्टर, एक वकील आणि आकडे बघायला मी, असे आम्ही दोन वर्षं शाळाशाळांतून हिंडलो. जे हाती लागलं ते साधं आहे. भांडलेल्या दोन मुलांना तिथल्या तिथे, सगळ्या वर्गादेखत हात मिळवायला लावले, तर ती दोघं लवकरच पुन्हा भिडतात. आधी प्रत्येकाशी वेगळं बोललं, त्याचं ऐकून घेतलं आणि मग त्याच्या मर्जीने समोर बसवलं, तर बहुधा भिडत नाहीत. हे चौथ्या प्रकरणात आहे, आणि अख्ख्या पुस्तकात मला विचारशील तर तेवढंच महत्त्वाचं आहे. निक्शिचच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका त्यासाठी दर सोमवारी मला फोन करायच्या. "आलं का गं तुमचं पुस्तक? नाही? बरं. आज माझ्याकडे एक दात पडला. दुधाचा नव्हता."

आता ते दोन तज्ज्ञ. प्राध्यापक वुकोमान हे मानसशास्त्राचे आणि डॉक्टर बोगिच हे शिक्षणशास्त्राचे. दोघांनी मिळून हे प्रकरण लिहिलं, पण एका खोलीत बसून नव्हे. अकरा वर्षांपूर्वी एका परिषदेत बोगिच यांनी भर सभेत सांगितलं की वुकोमान यांची प्रश्नावली म्हणजे कॉफीच्या कपातला गाळ बघून भविष्य सांगण्यातला प्रकार आहे. वुकोमान यांनी उत्तर देण्यासाठी मायक्रोफोन मागितला. बोगिच यांनी तो सोडला नाही. दोघांनी तो ओढला. (परिषदेचा विषय "शाळेत संयमाचं वातावरण" असा होता. हे मी रचलेलं नाही.) मायक्रोफोन मोडला आणि तेव्हापासून बोलणं बंद. आमच्या बैठकांत दोघे एकाच टेबलाशी बसतात आणि माझ्यामार्फत बोलतात. "इताना, त्या गृहस्थांना सांग की त्यांचा तिसरा परिच्छेद माझ्या आजीनेसुद्धा लिहिला असता." मग मी वुकोमान यांच्याकडे वळते, आणि ते गृहस्थ, ज्यांनी सगळं ऐकलेलं आहे, ते म्हणतात, "त्यांना सांग, पोरी, की मग आजीलाच बैठकीला पाठवा. ती तरी वेळेवर येईल."

मजकुरावर दोघांचं एकमत झालं. मजकुरावर माणसं भांडतात हा माझा गैरसमज होता. अडलं ते सहीवर. शेवटच्या पानावर दोघांच्या सह्या हव्यात, आणि दुसऱ्याच्या नावाखाली सही करायला दोघेही तयार नाहीत. मी नावं शेजारीशेजारी घेतली, तर डावी बाजू आधी वाचली जाते असं निघालं. मी गोल आखून दिला, तर वुकोमान यांनी विचारलं की या गोलाचं डोकं कुणीकडे. दोन पानं केली, तर पहिलं कुठलं? "माझ्या पणजोबांनी सुलतानापुढे मान लववली नाही," असं बोगिच म्हणाले, "आणि मी एका प्रश्नावलीखाली सही करू?" वुकोमान यांचे पणजोबाही त्याच सुमारास त्याच सुलतानापुढे ताठ उभे होते असं कळलं. इतकी माणसं एकाच वेळी मान न लववता उभी होती, तर सुलतानाला पलीकडचं काही दिसत कसं होतं, हा प्रश्न मी विचारला नाही.

शुक्रवार शेवटचा दिवस होता. त्या दिवशी सह्या झाल्या नसत्या तर पुस्तक कपाटात गेलं असतं आणि पुढच्या सत्रात सगळं नव्याने सुरू झालं असतं, नव्या समितीसह. आमच्या अध्यक्षा याग्लिकाबाई (निवृत्त मुख्याध्यापिका, पिशवीत राकिया दारूची बाटली आणि वाट्टेल त्याला दटावायचा अधिकार, दोन्ही कायम बाळगून असतात) शेवटी टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "अरे, आपल्याकडे पूर्वी खून पडले तरी एकमेकांना कूम करून मिटवायचे! इथे तर नुसता मायक्रोफोन मोडलाय!"

हे ऐकून मी विचार केला. तोंडावर कूमपद मागितलं की आपल्याकडे कुणाला नाही म्हणता येत नाही. लग्नात किंवा बारशात साक्षीला कूम म्हणून उभा राहिलेला माणूस सख्ख्या भावाहून जवळचा, आणि नकार देणाऱ्याचं नाव तीन पिढ्या निघतं. म्हणजे दोघांना एकाच मांडवात बांधता येईल असं कार्य हवं होतं. बारसं किंवा लग्न. बारशाला मूल लागतं. लग्नासाठी मला फक्त एक माणूस कमी पडत होता. कमी तूट असलेला पर्याय मी निवडला आणि उठून म्हणाले, "माझं लग्न ठरलंय. प्राध्यापक वुकोमान, तुम्ही माझे कूम व्हा. डॉक्टर बोगिच, वऱ्हाडातले थोरले म्हणून तुम्ही पुढे बसा. दोघांनी दिवसभर शेजारीशेजारी बसायचं आहे."

वुकोमान उठले. "पोरी, हे नाकारणारा अजून माझ्या घरात जन्मलेला नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बोगिच खुर्ची मागे सारून त्यांच्याकडे वळले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा, माझ्यामार्फत नव्हे, थेट म्हणाले, "वुकोमान, त्या दिवशी मांडवात गाणं तू म्हणणार नाहीस एवढं वचन दे." वुकोमान म्हणाले, "आणि तू मायक्रोफोनला हात लावणार नाहीस." दोघांनी मिठी मारली. याग्लिकाबाईंनी बाटली काढली. बोगिच यांनी खालची सही केली. वुकोमान यांनी वरची जागा मोकळी सोडून त्यांच्याही खाली केली. त्यामुळे पानाचा वरचा भाग रिकामा दिसतो, पण चालेल. आज निक्शिचच्या बाईंना पुस्तक पोचलं. त्या फोनवर म्हणाल्या, "बरं झालं गं. उद्या लवकर जाते शाळेत."

माझी अडचण शास्त्रीय आहे. मी दोन माणसांना सर्वांदेखत, तिथल्या तिथे, मर्जी न विचारता हात मिळवायला लावले. हे आमच्याच चौथ्या प्रकरणाविरुद्ध आहे. आमच्या आकड्यांप्रमाणे हे टिकायला नको. सध्या टिकलं आहे, कारण दोघे मिळून मांडवाची जागा बघत फिरताहेत.

थंडी सांभाळ.

तुझी,
इताना

ता. क. तू दिलेला थर्मामीटर अर्धा अंश जास्त दाखवतो. परत पाठवत नाही, वजा करून वाचते.

ता. क. २. बाटली उघडल्यावर बोगिच यांनी विचारायचं तेच विचारलं, "मुलगा कुणाचा?" मी तुझं नाव सांगितलं. झाब्ल्याकचा, वेधशाळेतला, अमुक घराण्यातला. तुमचं घराणं त्यांच्या आजीचं माहेर निघालं. त्यांनी तिथल्या तिथे चुलतभावाला फोन लावला, चुलतभावाने तुझ्या आईला. दारिंकामावशी काल मला एवढंच म्हणाल्या, "आम्हाला कळायला तज्ज्ञांची अख्खी समिती लागली होय गं?" आणि लग्नाच्या जेवणाला कोकरू कुणाकडून घ्यायचं ते विचारलं. त्यांनी तुला अजून सांगितलं नसेल, कारण तू स्वतःहून सांगशील म्हणून त्या वाट बघताहेत. जेवताना त्या तुझ्याकडे टक लावून बघत असतील तर त्याचं कारण हे.

ता. क. ३. त्या क्षणी सुचेल ते नाव घेतलं, असं मी वर लिहिणार होते. तपासून पाहिलं. सुचण्यासाठी थांबावं लागतं, मी थांबले नव्हते.

ता. क. ४. बोगिच आणि वुकोमान येत्या शुक्रवारी एकाच गाडीतून झाब्ल्याकला घर बघायला येताहेत. बाटली आणतील. सह्या शाईच्या आहेत आणि पुस्तक शाळेत पोचलं आहे, तेव्हा तू काहीही म्हणालास तरी त्यांना धक्का लागणार नाही. त्या दोघांना काय सांगायचं ते मी बघेन. तुला मात्र चौथ्या प्रकरणाप्रमाणे, वेगळं आणि कुणासमोर नव्हे, असं विचारते आहे: मी सांगितलं ते खरं करायचं का? गुरुवारपर्यंत कळव.