चाळीस एकर आणि सदऱ्याचा एक तुकडा

मी, ऑर्व्हिल एइनार हागेन, वय एकोणऐंशी, पूर्वी लाकडाच्या गिरणीत करवतीवर कामाला, राहणार सीडर फोर्क, उत्तर विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. मात्र मी काय लिहितोय हे कळलं तर माझा मुलगा ड्वेन ते अडवायला धावत येईल, म्हणून तो शहरात गेलेला बघून बसलो आहे. पूर्वीच्या मृत्युपत्रात सगळं त्याच्या नावे होतं. ते मी रद्द करतो.

कलम १. राहतं घर, ट्रक, दोन्ही शीतपेट्या आणि माझी बंदूक ड्वेनला द्यावी. बंदुकीत दोष कधीच नव्हता.

कलम २. रानातल्या झाडांना ड्वेनने बांधलेले चौदा कॅमेरे माझ्या दफनानंतर आठवड्याच्या आत उतरवावेत. रानातल्या खोपटात रचलेली मक्याची पोतीही त्याने घेऊन जावीत. मक्याचा ढीग ओतायचा, पत्र्याच्या खोक्यात शेगडी लावून बसायचं आणि हरीण जेवायला आलं की गोळी घालायची, याला तो शिकार म्हणतो. मला त्या ढिगाचा आंबूस वाससुद्धा सहन होत नाही. एकदा मी त्याला विचारलं, की तू या वर्षी किती घासण्या पाहिल्यास? घासणी म्हणजे नराने शिंगं घासून साल सोललेलं झाड. कोवळा नर बोटाएवढ्या रोपट्यावर घासतो, मुरलेला नर मांडीएवढ्या देवदारावर. साल कोणत्या अंगाची गेली आहे त्यावरून तो कुठून येतो ते कळतं. ड्वेन म्हणाला, "बाबा, आता रानात पाय कोण झिजवतंय? फोटो फोनवर येतो." मुलगा माझाच आहे, त्यामुळे थुंकायचं तर कुणावर, हा प्रश्नच आहे.

कलम ३. हे मृत्युपत्र बदलण्याचं तात्कालिक कारण नोंदवून ठेवतो. गेल्या मंगळवारी माझी धाकटी बहीण व्हर्ना रानात खुणा बघायला गेली होती. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि अजून ओल्या मातीतला खूर बघून हरणाचं वय सांगते. तिची स्वतःची जमीन नाही. ड्वेनने तिला ओढ्याजवळ अडवलं आणि सांगितलं, "आत्या, तुमच्या अंगाच्या वासाने माझी हरणं बुजतात. यापुढे विचारल्याशिवाय इथे यायचं नाही." ती आल्या वाटेने परत गेली. हे त्यानेच मला जेवताना हसत सांगितलं. मी ताट बाजूला सारलं, कारण ते रान तिचं आहे आणि हे जगात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

कलम ४. म्हणून देवदारांच्या दलदलीसह चाळीस एकर रान आणि त्यावरचं शिकारीचं खोपट मी व्हर्नाला देतो. हे दान नाही. एकोणचाळीस वर्षं दाबून ठेवलेली वस्तू परत करतो आहे. कारण पुढीलप्रमाणे.

सन १९८३ च्या हंगामात आमच्या रानात एक जुना नर होता. शेताच्या कडेला त्याने ओळीने सात जागी जमीन उकरली होती, वरच्या फांद्या चघळल्या होत्या. मी आणि बाबा तिथेच बसायचो. जिथे खुणा जास्त तिथे हरीण येणार, ही सगळ्या शिकाऱ्यांची जुनी चूक आम्हीही केली. व्हर्ना म्हणाली, "दादा, ही त्याची अंधारातली कामं आहेत. उजेडातला तो बघायचा असेल तर दलदलीत चल." बाबा हसले. बायकांनी खोपटात स्वयंपाक करावा, रान वाचू नये, असं त्यांचं मत होतं.

दलदलीत तिने मला मांडीएवढा सोललेला देवदार दाखवला, आणि त्याच्या पलीकडे उंचवट्यावर वारा पाठीशी घेऊन बसायची त्याची जागा. जागा तिने शोधलेली, पण मी थोरला म्हणून मोक्याचं ठिकाण तिने मला दिलं. स्वतः मागे, ओढ्यावरच्या जुन्या बांधाजवळ पलीकडच्या काठाला बसली. बुजला तर तो तिथूनच निसटेल, हे तिने खुरांवरून ताडलं होतं.

२१ नोव्हेंबरला सकाळी नऊच्या सुमारास तो आला. चाळीस पावलांवर आडवा उभा राहिला. मी घाईने चाप ओढला आणि गोळी त्याच्या पाठीवरून गेली. तो उडी मारून बांधाकडे पळाला आणि तिथून एकच बार ऐकू आला. मी पोचलो तेव्हा तो पडलेला होता आणि व्हर्ना पलीकडच्या काठावरून पाणी तुडवत येत होती. तिच्या आधी मी माझ्या परवान्याची चिठ्ठी त्याच्या शिंगाला बांधली; ज्याची चिठ्ठी, त्याची शिकार. का बांधली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मागून बाबा आले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. व्हर्ना माझ्याकडे बघत राहिली. मी बोलेन याची ती वाट बघत होती. मी बोललो नाही.

संध्याकाळी तिनेच कांदा घालून कलेजी परतली आणि पहिला वाटा मला वाढला. मी तो खाल्ला. ड्वेनच्या मक्याची मला जेवढी किळस आहे, त्याहून जास्त त्या घासाची आहे. तीन दिवसांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्याने हा नर ओळखला त्याला रान कळतं. चाळीस एकर ऑर्व्हिलचे." व्हर्नाने बटाटे पुढे सरकवले.

कलम ५. त्या नराची शिंगं, तसंच मांस कापताना मला सापडलेली तिच्या बंदुकीची गोळी तिला द्यावी. गोळी माझ्या तंबाखूच्या डबीत आहे. मी ती फेकून देऊ शकलो असतो. फेकली नाही, एवढीच माझी लाज शिल्लक होती.

कलम ६. ड्वेनला त्या रानात शिकार करायची असेल तर त्याने आत्याची परवानगी घ्यावी. ती देईल असं मला वाटतं. तिच्यासोबत पायी हिंडावं, आणि तिने मूर्ख म्हटलं तर ऐकून घ्यावं.

कलम ७. आमच्या खोपटात ज्याचा नेम चुकेल त्याच्या सदऱ्याचा मागचा तुकडा कापून, नाव आणि तारीख लिहून भिंतीवर ठोकतात. बाबांचे दोन आहेत, ड्वेनचे नऊ. माझा एकही नाही आणि त्यावरून मी आयुष्यभर मिरवलं. व्हर्ना दर वर्षी खोपट झाडायला यायची तेव्हा भिंतीकडे बघून म्हणायची, "दादा, इथे एक जागा रिकामी दिसते." त्यापुढे एक शब्द नाही. <s>मला पुरताना जो सदरा घालाल त्याचा मागचा तुकडा व्हर्नाने कापावा आणि तिथे ठोकावा.</s>

कलम ७ मधील शेवटचं वाक्य मी स्वतः खोडलं आहे. सही करण्याआधी साक्षीदार मार्लिस प्रॉइस यांनी हे सगळं वाचलं. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "ऑर्व्हिल, मेल्यावर तुमचा सदरा कापून तिला काय मिळणार? ती पाच मैलांवर राहते." बाकी कलमं आहेत तशी कायम. सदरा अंगात आहे, डबी खिशात घेतली आहे, मार्लिसबाई गाडी काढत आहेत. कात्री व्हर्नाकडे असेलच.

ठिकाण: सीडर फोर्क
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२२, दुपारी दोन वाजता

सही: ऑर्व्हिल ए. हागेन

आमच्या समक्ष, शुद्धीवर असताना सही केली:
१. मार्लिस प्रॉइस, शेजारी
२. यूजीन ताश्नर, निवृत्त पोस्टमन

साक्षीदार क्र. २ ची पुरवणी नोंद, त्याच दिवशी, दुपारी चार: मीही गाडीत होतो. व्हर्नाबाईंनी सगळं दारातच ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वळ, दादा." तुकडा सरळ कापला आहे. त्यावर नाव आणि तारीख ऑर्व्हिल यांनी स्वतः लिहिली.