यंत्राला हळदकुंकू

धार, आश्विन शुद्ध नवमी, सायंकाळ

आज खंडेनवमी, म्हणून घरातल्या हत्यारांसोबत माझ्या विजेच्या यंत्राचीही पूजा मांडली. मी चाक फिरवीत होतो, तारेला जोडलेला विजेचा दिवा लागला होता. सौ. ओल्या बोटांनी तारेच्या टोकांना हळदकुंकू लावायला वाकली आणि किंचाळली. मला वाटलं, दिवा पाहून हरखली. मी आणखी जोरात फिरवलं! ती कोसळली तेव्हा थांबलो.

धक्का बसू नये म्हणून सगळी तार मी रेशमाने गुंडाळली होती, टोकांचे दोन इंच तेवढे उघडे. पुस्तकं वाचून स्वतः शिकलो म्हणून मिरवतो, पण तिला बजावलं होतं का? नाही. दोन इंच!

शुद्धीवर येताच म्हणाली, “अहो, देव कोपला का? माझं काय चुकलं?”

‘चुकलं माझं’ म्हणायचं सोडून मी त्या दोन इंचांवर रेशीम गुंडाळायला बसलो.