उर्फ हिराबाई

३ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसात नवीन रजिस्टर आलं. पोलंडमधलं कुठलंसं चर्च, दीडशे वर्षांपूर्वीचे जन्म-मृत्यू, सगळं लॅटिनमध्ये. म्हणजे घरी ज्याला व्होइचेख म्हणायचे तो पाद्र्याच्या वहीत आडाल्बेर्टुस. नव्या मुलीला पटेना, दोन नावांचा एकमेकांशी काही संबंधच नाही म्हणे. म्हटलं पटायची गरज नाही, लॅटिन नावांच्या यादीत आहे ना, मग एकाला दुसरा जोड आणि पुढे हो. त्याची पणतवंडं अमेरिकेत वाट बघतायत आणि आपण पिंपळे सौदागरला बसून त्यांचे पूर्वज शोधतोय.

घरी आले तर आई गावाहून परतलेली; बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. आजोबा जाऊन आठ महिने झाले, सातबाऱ्यावर वारसांची नोंद झाली का बघायला तलाठ्याकडे गेली होती. झालीय. मुलगा, म्हणजे नाना मामा, त्याचं नाव. खाली 'मुलगी हिराबाई, मयत, वारस नाही'.
हिरा म्हणजे आई.
आईने कागद डाळीच्या डब्याखाली सारला. 'चुकून झालं असंल.'

६ फेब्रु., गुरुवार
अर्धी रजा. चाकणच्या पुढे रस्ता म्हणजे कंटेनरची रांग, दीड तास गेला. तलाठ्याने फाइल काढली. आत मृत्यूचा दाखला, हिराबाई पवार, वय ७८. बारा वर्षांपूर्वीचा.
तो माझ्या आजीचा आहे. बाबांच्या आईचा.

सासूचं नाव हिरा, सून आली तीही हिरा. सासूचं बदलता येत नाही. म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात बाबांनी अंगठीने 'शालिनी' लिहिलं, आणि एकोणीस वर्षांची हिरा तिथेच संपली. हे मी लहानपणापासून गंमत म्हणून ऐकत आले.

तलाठ्याला म्हटलं, ह्या दाखल्याप्रमाणे मुलगी बापापेक्षा दोन वर्षांनी मोठी होते, तेवढं तरी बघायचं. म्हणाला, 'मॅडम, वय कोण बघतं? नाव जुळलं की झालं.'

आजी गेली तेव्हा बाबा सेकंड शिफ्टला असायचे. दाखल्यासाठी महापालिकेत खेटे मामानेच घातले होते. भावाने किती केलं, हे आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. एखादी प्रत त्याने स्वतःकडे ठेवली असणार. आता कामाला आली.

११ फेब्रु., मंगळ.
पुरावे मांडून बसले. शाळा सोडल्याचा दाखला : हिरा किसन थोरवे, सातवी पास. आधार, रेशन कार्ड, बाबांची पेन्शन : शालिनी मारुती पवार. मधे काहीच नाही. लग्नाची नोंदणी केलेली नाही. नाव बदललं की गॅझेटात छापून घ्यायचं असतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नपत्रिका आहे, चि. सौ. कां. हिरा, पण पत्रिका चालत नाही. तलाठी म्हणतो माहेरच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा.
माहेरचा माणूस एकच उरलाय.

माझं नाव बदललं नाही ते काही माझ्या बाणेदारपणामुळे नाही. सासूबाईंनी 'सानिका' ठरवलं होतं, ताटात तांदूळसुद्धा पसरले होते. संदीप म्हणाला पासपोर्टचं लफडं होईल. तेवढ्यावर वाचले.

१९ फेब्रु., बुध.
पोलिश कागदांत बायकांच्या नावापुढे 'दे दोमो' येतं. अमक्या घरची. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली, नातवंडं झाली, मेली, तरी मृत्यूच्या नोंदीत माहेर लिहिलेलंच. गरीब, अंगठे उठवणाऱ्या बायका. आमच्याकडे डिजिटल इंडिया.

दुपारी नव्या मुलीला समजावत होते. तिकडे पोर दगावलं की पुढच्याला तेच नाव ठेवायचे. एकाच घरात तीन तीन यादविगा. म्हणून मृत्यूची नोंद दिसली की लगेच जिवंत माणसाला चिकटवायची नाही. आधी वय बघ, बाप कोण बघ, नवरा कोण...
पाणी प्यायला उठले.

२४ फेब्रु., सोम.
मामाला फोन. आईसमोर नको म्हणून गच्चीवरून केला. आधी माझ्या नोकरीची चौकशी, संदीपची चौकशी. मग मी दाखल्याचं काढलं. अजिबात चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, 'तुझी आई शालिनी पवार. तसंच समद्या कागदावर हाय का न्हाई? मंग हिरा कोण, ते मला नको इचारू.'
आईला म्हटलं, फोन लागला नाही.

४ मार्च, मंगळ.
तहसील कचेरीत हरकतीचा अर्ज द्यायला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, अर्जदार कोण? म्हटलं शालिनी पवार. मग त्यांचा काय संबंध? म्हटलं, त्याच हिराबाई. त्या म्हणाल्या, हिराबाई तर मयत आहेत.
आई शेजारी उभी. मी तिच्याकडे बोट दाखवलं. बाईंनी मान वर करून बघितलंसुद्धा, आणि म्हणाल्या, कागद आणा. अर्ज ठेवून घेतला नाही.
परत येताना कासारवाडीला उतरलो. आईने कोथिंबीर घेतली, भाव केला, दोन रुपयांसाठी भांडली.

ऑफिसात ह्या आठवड्यात माझ्या हातून इतके लोक जोडले गेले. कुणीही पुरावा मागितला नाही.

१५ मार्च, शनि.
मामा आला. मिठाईचा बॉक्स, आईला साडी. सोबत वकील.
झालं असं, की ज्या कंपनीला त्याची जमीन गोडाऊनसाठी हवी आहे तिच्या वकिलाने कागद तपासले. त्याने वय बघितलं. हसला म्हणे. दाखला काढून घ्या, म्हणाला, आणि बहीण जिवंत असेल तर हक्कसोडपत्र आणा, नाहीतर व्यवहार नाही.
म्हणजे बहीण हवी आहे. जिवंत. एका सहीपुरती.
मामा दारातूनच 'हिरे' म्हणाला. आईचा चेहरा जो काही झाला, तो मी ह्याआधी कधी बघितला नाही. तिने त्याला पाटावर बसवलं, थालीपीठं लावली, लोणी बाहेर काढलं. दाखल्याचा विषय तिने काढला नाही. मी काढला तर मलाच म्हणाली, जेवू दे त्याला.

मी आत भांडी आपटत होते. लहान मुलासारखी. असू दे.

१८ मार्च, मंगळ.
प्रतिज्ञापत्र झालं. दीड महिना जे अशक्य होतं ते एका दुपारी. पिंपरीत नोटरीकडे, स्टँप पेपरवर टाइप होऊन तयारच होतं : 'हिराबाई किसन थोरवे उर्फ शालिनी मारुती पवार ह्या एकच व्यक्ती आहेत.' खाली सख्खा भाऊ म्हणून मामाची सही. उर्फ. एवढाच शब्द हवा होता. सोडायचं म्हटलं की मिळतो, मागायचं म्हटलं की मिळत नाही.
आईने 'हिरा' अशी सही केली. हात अडला नाही. 'रा'चा काना खाली लांब ओढते, हे मला आज कळलं. शालिनीची सही ती अजूनही चित्र काढल्यासारखी करते.
नोटरीने दोन प्रती दिल्या. एक मामाने खिशात घातली, दुसरी आईने मागून घेऊन पर्समध्ये.
हक्कसोड सोमवारी, अकरा वाजता, रजिस्ट्रारकडे.

२१ मार्च, शुक्र.
भांडण. मी म्हटलं, ह्या कागदावर त्याने स्वतः लिहून दिलंय की तू हिरा आहेस. आता हाच घेऊन हरकत दाखल करता येते. सोमवारी जायचंच नाही.
'मला कळतं ते. म्हणून तर प्रत मागून घेतली.'
म्हटलं, मग?
म्हणाली, तू नको शिकवू. मग बराच वेळ गहू निवडत बसली. मला जमीन नकोय, तिला सांगितलं. मला फक्त ते 'मयत' खोडलेलं बघायचंय. ती म्हणाली, तुला काय, तुला भाऊ न्हाई.
मनाला लागलं. लागावं म्हणूनच बोलली असावी.

२३ मार्च, रवि.
आई सकाळपासून स्वतःचा फोन उचलत नव्हती. शेवटी मामाने माझ्या फोनवर केला. मी स्पीकर लावला. हिराला दे, म्हणाला.
आई ओट्याशीच होती. मान न वळवता, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'त्याला म्हनावं हिरा वारली. दाखला तुझ्याकडंच हाय.'
मामाचा आवाज आला, एकदम बारीक. 'हिरे. असं नको बोलू.'
तिने हात पुसले, फोन माझ्या हातातून घेतला आणि आत जाऊन दार लावलं. वीस मिनिटं. मी कान देऊन उभी राहिले, लाज वाटली तरी. शब्द कळले नाहीत. एकदा रडली बहुतेक, एकदा हसली.
बाहेर आल्यावर विचारलं, काय ठरलं. तिने फोन परत दिला, भाजी हलवली.
'मला हिरे म्हणणारा तो एकटाच उरलाय गं.'
मामाचा मला इतका संताप येतो, तरी खरंच आहे ते. मी तिला आई म्हणते, शेजारचे पवारकाकू म्हणतात, बँकेत शालिनीबाई.
उद्या रजा टाकू का, विचारलं. टाक म्हणाली. सही करायला की हरकत द्यायला, ते सांगितलं नाही. दोन्ही कागद, प्रतिज्ञापत्र आणि हक्कसोडाचा मसुदा, एकाच पिशवीत भरून दाराशी ठेवलेत.
रजा टाकली. कारण : घरगुती.